रजेचे पैसे, कापसाची धूळ आणि २४० दिवस

कापसाच्या हंगामात कोणी छातीची तक्रार घेऊन आले, की मी हमखास विचारतो : सुट्टीच्या दिवशी दम कमी होतो का? वणी, पांढरकवडा, घाटंजीकडच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रश्न विचित्र वाटतो. पण कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची ही खूणच आहे. सुट्टीनंतर कामावर गेल्याचा पहिला दिवस सर्वांत वाईट जातो, छाती आवळल्यासारखी होते आणि पुढे आठवडाभरात जरा हलके वाटते. सुरुवातीला धुळीपासून लांब राहिले की आजार सुधारतो. अशीच वर्षे गेली की दम रोजचाच होतो.

म्हणून मी रजा घ्यायला सांगतो. उत्तर ठरलेले असते : "आराम केला त रोजी कोन देईन, डाक्टरसाहेब?"

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. सुट्टी मिळाली, पण त्या दिवसाची मजुरी नाही.

जिनवाल्यांची गोष्ट त्याहून वाईट. १८८१ चा पहिला कारखाना कायदा वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता, त्यामुळे थोडे महिने चालणारे जिन त्यातून सुटायचे. ही पळवाट १९११ मध्ये बंद झाली. भरपगारी रजेला मात्र १९४५ ची दुरुस्ती उजाडावी लागली, वर्षाच्या सलग नोकरीनंतर दहा दिवस. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली, पण अट घातली वर्षात २४० दिवस भरण्याची. दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यात बंद पडणाऱ्या जिनमध्ये एवढे दिवस भरायचे कसे? नव्या कामगार संहितेत, जी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही अट १८० दिवसांवर आली आहे. बऱ्याच हंगामी माणसांना तीही लांबच.

पण त्याच १९४८ च्या कायद्याच्या कलम ७९ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट होती आणि नव्या संहितेतही ती आहे. कामगार काम सोडून गेला, त्याला काढले, तो निवृत्त झाला किंवा वारला, तर अट पुरी झाली नसली तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात रजेचे पैसे द्यावे लागतात. सोडले किंवा काढले तर दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी, वारला तर वारसांना दोन महिन्यांत. १२० दिवस काम झाले असेल तर सहा दिवसांची मजुरी होते. "पुढच्या हंगामाला ये" असे तोंडी सांगून पाठवले म्हणजे काढले की नाही, वाद तिथेच घातला जातो. आणि नाव मुकादमाच्या वहीत असेल तर वाद घालायलाही कागद हातात नसतो.

माझे मत विचाराल तर नोकरी चालू असताना रजा विकू नये, ती घ्यावी. पैशाने फुप्फुसातली धूळ निघत नाही. पण रजा घेण्याची संधीच न देता माणसाला घरी पाठवले, तर ते दिवस त्याने कमावलेले आहेत, त्याचे पैसे मालकाने द्यायलाच हवेत. कित्येकदा पुढच्या औषधपाण्याला तेवढेच हाताशी असते.

तेव्हा हजेरीचे दिवस स्वतः लिहून ठेवा, शक्य असेल तर दर आठवड्याला हजेरीचा मोबाईलवर फोटो काढा. आणि दम लागत असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर, अशी दोनदा फुंकून करायची तपासणी करून घ्या. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. दोन आकड्यांतला फरक घेऊन मग माझ्याकडे या.