ऑर्थोपेडिक्सच्या इतिहासात आई-वडील कुठे असतात?

ऑर्थोपेडिक म्हटलं की आपल्याला हाडांचा डॉक्टर आठवतो. पण शब्द फोडून बघा. ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, आणि ‘पायदिऑन’ म्हणजे लहान मूल. हाड त्यात कुठेच नाही!

निकोला आन्द्री या फ्रेंच डॉक्टरने १७४१ साली हा शब्द आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात वापरला. विषय होता मुलांच्या शरीरातली व्यंगं टाळण्याची आणि सुधारण्याची कला. त्या लांबलचक शीर्षकातच पुढे म्हटलंय, की हे उपाय आई-वडिलांना आणि मुलं वाढवणाऱ्या सर्वांना जमतील असे आहेत. इथे थांबा. शीर्षक हाही पुरावाच असतो. पुस्तक कोणासाठी लिहिलं, हे ते सांगतं.

आता विसाव्या शतकात या. स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर देश सोडावा लागलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवाला पोचले. जन्मतः आत वळलेलं पाऊल मोठी शस्त्रक्रिया न करता, हलक्या हाताने वळवत, दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून सरळ करण्याची पद्धत त्यांनी बसवली. १९६३ मध्ये त्यावर लेख छापला. तरीही पुढची तीसेक वर्षं बहुतेक ठिकाणी मोठी शस्त्रक्रियाच चालू राहिली. हे चित्र बदलण्यात इंटरनेटवरून एकमेकांना माहिती देणाऱ्या पालकांचा मोठा वाटा होता.

हा उपचार टिकतोही पालकांमुळेच. प्लास्टर निघाल्यावर दांडीला जोडलेले बूट सुमारे तीन महिने जवळपास दिवसभर, आणि मग मूल साधारण चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. ते मध्येच सोडले, तर पाऊल पुन्हा वळण्याचा धोका असतो.

म्हणून मुलाच्या पहिल्या अपॉइंटमेंटची तयारी मला पुराव्यांच्या जुळवाजुळवीसारखी वाटते. जन्माच्या वेळची कागदपत्रं, जुने एक्स-रे, मोबाइलवर काढलेला चालण्याचा व्हिडिओ, एका बाजूने झिजलेली चप्पल, लंगडणं कधी सुरू झालं त्याची नोंद, विचारायच्या प्रश्नांची यादी. यातलं बरंचसं फक्त घरातच मिळतं. पण दप्तरात जपून राहतो तो केसपेपर. आईने महिनाभर जे पाहिलं, त्याची त्यावर फार तर एक ओळ होते.

तुम्ही वैद्यकाच्या इतिहासावर काम करणार असाल, तर त्या ओळीपाशी रेंगाळा. डॉक्टरांना हे कोणी सांगितलं? आणि सांगितलेल्यातलं काय लिहून घेतलं गेलं नाही? तुमचा संशोधन-प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.