हेलियमचा शोध: तारीख कोणती धरायची?

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने तिथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, लॉकियर त्या दिवशी होता कुठे?” आम्ही कागद चाळले, तर साहेब इंग्लंडात!

त्या दिवशी गुंटूरला जान्सेन होता, मछलीपट्टणला पॉगसन, जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल. लॉकियरने ग्रहण नसतानाच, 20 ऑक्टोबरला, घरच्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा पाहिल्या. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या जोडरेषांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्यावर बसत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात द्रव्याशी ती जुळेना. म्हणून पुढे लॉकियर म्हणाला, हे नवं मूलद्रव्य. त्याचा सहकारी फ्रँकलंड रसायनाचा जाणकार. त्याचा कल मात्र, हा वेगळ्या परिस्थितीतला हायड्रोजनच असावा, असा.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. तीही कशाशी जुळेना. तर्क तोच, निष्कर्षही तोच: नवं मूलद्रव्य. नावसुद्धा ठरलं, कोरोनियम. पुढे 1940 च्या सुमारास एडलेनने दाखवलं, की ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड आहे, दुसरं काही नाही.

म्हणजे एकाच तर्काने एकदा हेलियम दिला, एकदा कोरोनियम. मग 1868 मध्ये लॉकियरला हेलियम ‘माहीत’ होता, असं म्हणायचं का? आम्हाला वाटतं, नाही. त्याच्या हातात न जुळणारी एक रेषा होती आणि एक धाडसी अंदाज. मार्च 1895 मध्ये लंडनला रॅमसे क्लेव्हाइट या खनिजातून निघणारा वायू तपासत होता. शोधत होता आर्गॉन, आणि दिसली तीच पिवळी रेषा! ऑक्सिजनच्या शोधाला एकच दिवस, एकच धनी नेमता येत नाही, असं टॉमस कूनने 1962 मध्ये मांडलं. हेलियमचंही तसंच आहे. हा शोध सत्तावीस वर्षं लागत होता.

कोकणातल्या एका मित्राला हे सांगितलं, तर तो चिडलाच. अहो, 18 ऑगस्ट जरूर साजरा करा. फक्त लॉकियरला ओट्यावर बसवू नका. बसवायचाच तर जान्सेनला गुंटूरात बसवा, पण नवं मूलद्रव्य सापडल्याचा दावा त्यानेही केला नव्हता.