चौसिंगा आणि गुलाबी बोंडअळीचा पतंग (घाटंजी परिसर)

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी परिसरात कपाशीची वावरे आणि टिपेश्वर अभयारण्याचे सागवनी जंगल धुऱ्याला धुरा लावून आहेत. विदर्भातील अशा पानगळीच्या जंगलांत राहणारा चौसिंगा (टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस) आणि वावरात माजणारा गुलाबी बोंडअळीचा पतंग (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) यांची तुलना संख्येपुरती करून भागत नाही.

चौसिंगा फक्त भारत व नेपाळमध्ये आढळतो. उंची खांद्याशी सुमारे 60 सेंमी., वजन 20 किलोच्या आसपास. नरालाच शिंगे असतात; पुढची जोडी आखूड, कधी नुसता उंचवटा. एकट्याने किंवा जोडीने, पाण्याच्या आसऱ्याने राहतो. गर्भकाळ सुमारे आठ महिन्यांचा, पिल्ले एक किंवा दोन. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘असुरक्षित’ ठरवले आहे. प्रौढांची संख्या 10,000 पेक्षा कमी मानली जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे.

पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, पंख पसरून दोन सेंमी.ही भरत नाही. मादी शंभराहून अधिक अंडी घालते आणि महिन्याभरात नवी पिढी उडू लागते. नुकसान करते ती अळी. फुलात शिरली की पाकळ्या जुळून डोमकळी होते. बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र बुजते, त्यामुळे बोंड वरून निरोगी दिसते आणि फवारा आत पोहोचत नाही. बोंडअळीला रोखण्यासाठीची बीटी कपाशी 2002 मध्ये आली, दुहेरी जनुकाची 2006 मध्ये. अळीने दोन्ही पचवल्या. 2017 च्या हंगामात विदर्भाचा कापूस तिने पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. या किडीचा कोणताही हिशेब त्या मृत्यूंना वगळून होऊ नये.

पतंगाची भरभराट माणसानेच पुरवलेल्या अन्नावर आहे. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) ठेवली, पऱ्हाटीच्या गंजी बांधावर राहिल्या, की अळी सरकीत सुप्तावस्थेत हंगाम काढते. डिसेंबरअखेर वावर मोकळे केले तर तिची साखळी तुटते. चौसिंग्याला नेमके उलटे हवे: गवत, झुडूप आणि पाणवठा वर्षानुवर्षे न मोडलेला. तोडलेल्या जंगलाच्या जागी तो वावरात जुळवून घेत नाही.

दोघांची मोजदादही आडवाटेने होते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकले की उपाय सुरू करण्याची शिफारस आहे. लाजरा चौसिंगा सहसा नजरेस पडत नाही. पण तो ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, म्हणून पाहणी करणारे त्या ढिगांवरून त्याचा वावर ओळखतात.