‘स्टार रेडर्स’ (१९७९) : गृहसंगणकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

संगणकीय खेळांचा इतिहास सांगताना सामान्यतः एक ठराविक मार्ग आखला जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६२ साली तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’पासून प्रारंभ होतो, मग १९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीने आणलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ येतो आणि तेथून विवेचन १९८४ साली बीबीसी मायक्रो या ब्रिटिश गृहसंगणकावर अवतरलेल्या ‘एलिट’पाशी पोहोचते. या दोन टप्प्यांच्या मध्ये अटारी ४०० व ८०० या गृहसंगणकांसाठी लिहिला गेलेला ‘स्टार रेडर्स’ हा खेळ बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. आपल्या काळी तो अप्रसिद्ध होता असे नाही. केवळ या खेळासाठी अटारीचा संगणक विकत घेणारे ग्राहक होते. उपेक्षा झाली ती नंतरच्या इतिहासलेखनात. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील हेन्री लोवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी जतन करण्यायोग्य दहा खेळांची यादी जाहीर केली, तीत ‘स्पेसवॉर’ व ‘टेट्रिस’ यांच्या पंक्तीला ‘स्टार रेडर्स’ला स्थान मिळाले, तथापि त्याचा सखोल विचार त्यामानाने कमीच झाला.

पूर्वपीठिका व रचना

या खेळाचे मूळ दोन भिन्न परंपरांत आहे. माइक मेफिल्ड यांनी १९७१ साली बेसिक भाषेत रचलेला ‘स्टार ट्रेक’ हा खेळ अमेरिकेतील विद्यापीठांच्या सामाईक संगणकांवर खेळला जात असे. त्यात चित्रे नव्हती; अक्षरे व अंक यांच्याच साहाय्याने आकाशगंगेचा नकाशा, शत्रूची ठाणी आणि उरलेली ऊर्जा दर्शविली जाई. खेळाडू विचार करून आज्ञा टंकित करी व उत्तराची वाट पाही. दुसरीकडे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाने अंतराळातील वेगवान झुंजीचे दृश्य लोकांच्या मनावर ठसविले होते. डग न्यूबॉयर या अभियंत्याने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. अटारी संगणकातील ध्वनी, कीबोर्ड आदी कामे सांभाळणाऱ्या ‘पोकी’ या चिपच्या रचनेत त्यांचा सहभाग होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. यंत्र घडविणाऱ्यांपैकीच एकाने त्या यंत्राचे सामर्थ्य दाखविणारी ही आज्ञावली लिहिली होती.

संपूर्ण आज्ञावली ८ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये सामावलेली होती. (प्रस्तुत निबंध युनिकोड पद्धतीने साठविला, तरी त्याला याहून अधिक जागा लागेल.) संगणकाचा ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लक्ष आवर्तनांच्या गतीने चाले आणि त्यात गुणाकार किंवा भागाकार करणारी एकही आज्ञा नव्हती. परंतु जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसावी यासाठी तिच्या स्थानाला अंतराने भागावे लागते. त्यामुळे भागाकाराचे काम बेरीज-वजाबाकी व अंकांची सरक यांतून साधावे लागले. समोरून येऊन दोन्ही बाजूंना निघून जाणारे तारे अशा गणितातूनच पडद्यावर उमटत. शत्रूची विमाने मात्र खऱ्या अर्थाने त्रिमित नव्हती. अंतरानुसार बदलणाऱ्या सपाट आकृत्यांनी तो आभास निर्माण केला होता. स्फोटाच्या वेळी अनेक कण एकदम हलवावे लागत आणि खेळाचा वेग क्षणभर मंदावे. ही खरे पाहता यंत्राची मर्यादा होय; पण तिने विजयाच्या क्षणाला नकळत एक गांभीर्य दिले.

खेळाडूला १२८ चौकोनांत विभागलेल्या आकाशगंगेचे ‘झायलॉन’ नामक शत्रूपासून रक्षण करावयाचे असते. नुसता नेम अचूक असून भागत नाही. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाण्यास अंतराच्या प्रमाणात ऊर्जा खर्च होते. ती संपत आल्यास एखादे स्वपक्षीय तळ गाठावे लागते. इकडे खेळाडू लढत असताना तिकडे शत्रूच्या तुकड्या नकाशावर सरकत राहतात व एखाद्या तळास चहूबाजूंनी वेढून नष्ट करतात. यानाची इंजिने, संरक्षक कवच, तोफा, गणकयंत्र यांपैकी काहीही निकामी होऊ शकते. रेडिओ बंद पडला तर नकाशावरील माहिती अद्ययावत होणेच थांबते आणि सेनापतीला शिळ्या वार्तेवर निर्णय घ्यावा लागतो. शेवटी शत्रूनाशाबरोबरच वेळ, ऊर्जा व गमावलेली तळे यांचा हिशेब होऊन पद बहाल केले जाते. उत्तम कामगिरी करणारा ‘स्टार कमांडर’, तर निष्काळजी खेळाडू चक्क ‘गॅलॅक्टिक कुक’ म्हणजे आकाशगंगेचा आचारी!

या रचनेमागे एक आर्थिक कारणही संभवते. सार्वजनिक जागी नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे उत्पन्न खेळाडू किती लवकर हरतो यावर अवलंबून असे; घरी एकदाच पैसे मोजून आणलेल्या कार्ट्रिजला ती घाई नव्हती. गृहसंगणकाने खेळाला वेळ दिला, आणि वेळेबरोबरच नियोजन आले. ‘एलिट’च्या पाच वर्षे आधी हे घडले होते, याची नोंद कालानुक्रमात स्पष्टपणे व्हावयास हवी.

श्रेय व साधने

पडद्यावर मात्र ‘कॉपीराइट अटारी १९७९’ एवढीच अक्षरे झळकत. १९७६ पासून वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीत असलेल्या या कंपनीत आज्ञावलीकाराचे नाव जाहीर करण्याची प्रथा नव्हती. याच असंतोषातून तिचे चार आज्ञावलीकार बाहेर पडले व १९७९ मध्येच ‘ॲक्टिव्हिजन’ची स्थापना झाली. न्यूबॉयर यांचे नाव सर्वसामान्य खेळाडूंना तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘एलिट’चे कर्ते इयन बेल व डेव्हिड ब्रेबेन यांना खेळाबरोबरच ख्याती मिळाली. इतिहासलेखनातील स्थान ठरताना गुणवत्तेइतकीच कर्त्याच्या नावाची उपलब्धता कशी निर्णायक ठरते, याचे हे बोलके उदाहरण मानावे लागेल.

२०१५ साली या खेळाच्या मूळ आज्ञावलीची मुद्रित प्रत छायांकित होऊन इंटरनेट आर्काइव्हवर उपलब्ध झाली. कार्ट्रिजवरून केवळ यंत्रसंकेत मिळतात. काय घडते हे त्यांवरून कळते. पण कर्त्याने प्रत्येक भागाला कोणते नाव दिले, कोणता मजकूर एकत्र ठेवला, हे यंत्रसंकेतांत रूपांतर होताना लोप पावते. ते या कागदांवर तेवढे शिल्लक आहे.