जडत्व : एका आळशी शब्दाची गोष्ट

कॅरम बोर्डावर सरकवलेली सोंगटी थोडं अंतर जाऊन थांबते. का थांबते? वर्गात विचारून पाहा. 'जडत्वामुळे' असं म्हणणारी दोन-चार मुलं तरी निघतील. उत्तर चूक आहे. पण योहानेस केप्लरने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते!

जडत्व हा 'इनर्शिया' या लॅटिन शब्दासाठी आपण घेतलेला प्रतिशब्द. लॅटिनमध्ये 'आर्स' म्हणजे कसब. ज्याच्या अंगी कसब नाही तो 'इनर्स'. कसब नाही म्हणून हातून काही होत नाही, म्हणून सुस्त, आळशी, असा अर्थ सरकत गेला. रोमन लोकांच्या लेखी इनर्शिया हा माणसाचा दुर्गुण होता.

केप्लरने तो पदार्थाला चिकटवला. ग्रह स्वभावतःच आळशी. सूर्याची प्रेरणा त्यांना ढकलत राहते, ती संपली तर ग्रह असेल तिथे थांबेल, असं तो मानत होता. यातलं 'असेल तिथे' महत्त्वाचं. ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक वस्तू आपल्या ठरलेल्या जागेकडे जाऊ पाहते. केप्लरने ती ठरलेली जागाच काढून टाकली. हे पाऊल लहान नव्हतं.

पुढे गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडले, देकार्तने १६४४ साली गतिमान वस्तू सरळ रेषेत जातच राहते असं मांडलं, आणि १६८७ साली न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त इनर्शियाचा अर्थ पालटला. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू चालत राहते; दोन्ही इनर्शियाच. म्हणजे न थांबणं हासुद्धा आळशीपणाच! शब्द मात्र तोच राहिला. घोटाळा होणार हे न्यूटनलाही जाणवलं असावं. ग्रंथाच्या स्वतःच्या प्रतीत त्याने टिपण केलं की, वस्तूंना स्थिरतेकडे नेणारा केप्लरचा इनर्शिया मला अभिप्रेत नाही. छापील आवृत्तीत ते टिपण आलं नाही. यायला हवं होतं.

मराठीत अडचण दुहेरी आहे. जड म्हणजे वजनदार आणि जड म्हणजे अचेतनही. दोन्ही अर्थ मुलांना थांबण्याकडेच ओढतात. व्याख्या पाठ असलेला मुलगाही म्हणूनच सोंगटीपाशी फसतो.

अशा वेळी बोर्डावर बोरिक पावडर टाकावी. तेवढ्याच जोराने मारलेली सोंगटी आता लांब जाते. मग विचारावं, पावडरीने सोंगटीचं जडत्व कमी झालं का?