पैसा फंडाची काच

स्वदेशीचा विचार महाराष्ट्रात वंगभंगाच्या, म्हणजे बंगालच्या फाळणीच्या, आधीच रुजला होता. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877 च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेले. पण देशी माल वापरायचा तर तो आधी बनायला हवा. ही खरी अडचण ओळखली अंताजी दामोदर काळे यांनी. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, त्यातून उद्योग उभारावेत, ही त्यांची पैसा फंडाची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. 1908 मध्ये तळेगाव दाभाड्यात फंडाचा काच कारखाना निघाला. तिथे मालाइतकेच महत्त्व शिक्षणाला होते, आणि हेच त्याचे मोठेपण. इथे शिकलेले कारागीर पुढे इतर काच कारखान्यांत गेले. स्वदेशी काचेच्या याच वाटेवर 1916 मध्ये कराडजवळ ओगले काच कारखाना सुरू झाला. त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला.