केडगावच्या विहिरीचा तळ

सन 1874. दक्षिणेतल्या एका जंगलात तुम्ही एका ब्राह्मण कुटुंबाच्या मागून चालत आहात. अनंतशास्त्री डोंगरे थकलेत, दृष्टी गेल्यात जमा आहे. लक्ष्मीबाई, मुलगा श्रीनिवास, थोरली कृष्णाबाई आणि सोळा वर्षांची रमा त्यांच्यासोबत आहेत. रमेला भागवत मुखोद्गत आहे, पण पोटात अन्नाचा कण नाही. अकरा दिवस आणि अकरा रात्री ही माणसं पाण्यावर, झाडपाल्यावर आणि मूठभर शिंदीच्या फळांवर काढताहेत. होतं नव्हतं ते तीर्थयात्रा आणि दानधर्मात गेलं. शास्त्रीबुवा जलसमाधी घ्यायचं ठरवतात, तेव्हा श्रीनिवास त्यांना अडवतो. जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करायला तो तयार होतो.

तरी वडील जातात. मग आई आणि बहीणही. आई मरणाला टेकलेली असताना रमा बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला एका दारात उभी राहते, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही तिच्या बाजूला उभे आहात, पण तुम्हालाही काही करता येत नाही.

देवावर भार टाकावा, असं आपण दुसऱ्याला फार सहज सांगतो. या घरात जप, उपवास, अनुष्ठानं सगळं होतं, तरी चूल पेटली नाही. पुढे 1880 मध्ये रमेचा भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1883 साली इंग्लंडमध्ये तिनं ख्रिस्ताचा स्वीकार केला. तिचा विश्वास या सगळ्याच्या नंतरचा आहे, म्हणूनच मला तो खरा वाटतो.

आता 1897 मध्ये या. मध्य प्रांतात दुष्काळ आहे. तीच रमा आता पंडिता रमाबाई म्हणून ओळखली जाते, आणि त्या स्वतः तिथं जाऊन आल्या आहेत. गरीबखान्यांत आणि मदतछावण्यांत एकट्या पडलेल्या पोरींचं काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तीनशे मुली वाचवायच्या, ही देवाचीच इच्छा आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. पैसे कुठून येणार, ते ठाऊक नाही. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनला दहा वर्षं मदत देण्याचं अमेरिकेतल्या मंडळींचं वचनही 1898 मध्ये संपणार आहे. त्यात पुण्यात प्लेग, त्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. झोपड्या, तंबू, मिळेल तो आडोसा करून मुली तिथं राहू लागतात. तुमच्या समोर बसलेल्या पोरीचे हात काटक्यांसारखे झालेत. वाटीतली पेज संपली तरी ती वाटी सोडत नाही.

आणखी काही वर्षं पुढे चला. पाऊस दगा देऊन गेलेला, संध्याकाळची वेळ. केडगावच्या या आश्रमाचं नाव आता मुक्ती सदन. त्याच्या विहिरीत वाकून बघा. तळ दिसतोय. पंधराशेच्या वर माणसं, शंभरावर गुरं, शिवाय बांधकाम चालू आहे, त्यालाही पाणी लागतं. दोन्ही विहिरी रोज संध्याकाळी रित्या होतात. रात्रभर झरे पाझरतात आणि सकाळी त्यांत एका दिवसापुरतं पाणी साठलेलं असतं. रमाबाईंनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विश्वासाच्या साक्षीत हे नोंदवलंय. त्या दुसऱ्या दिवसाची चिंता करत बसत नाहीत, पण हातावर हात ठेवूनही बसत नाहीत. विहिरी खणून घेतल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई, स्वयंपाक शिकवला. प्रार्थना आणि कुदळ दोन्ही त्यांच्या दिवसात होती, आणि एकामुळे दुसरी कमी पडली नाही.

तुम्हाला विचारावंसं वाटेल, मग 1874 मध्ये अशी मदत का आली नाही? रमाबाईंच्या लिखाणात मला याचं सोपं उत्तर कुठं सापडत नाही, आणि त्यांनी ते ओढूनताणून दिलं असतं तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. एवढं मात्र दिसतं की, ज्या दारात शब्द फुटला नाही त्या दाराची आठवण त्यांनी पुसली नाही. उपाशी पोरीला काय हवं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांचं निधन झालं. मुक्ती सदनचं काम मुक्ती मिशन या नावानं आजही तिथं चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्टेशन आहे. घरात कठीण दिवस असतील तर एकदा तिथं जाऊन या, आणि जाण्याआधी रमाबाईंची साक्ष वाचा. ती लहानशी आहे, एका बैठकीत वाचून होईल.